चिमणी राखली, साचेवाल्याचे काय?

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. १८५६ मध्ये ती सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा भाग गिरणगाव झाला. गिरणगाव म्हटले की कोकणातला आणि घाटावरचा कामगार डोळ्यांपुढे येतो, ते योग्यच आहे. पण त्याच्याच खात्यात उत्तर हिंदुस्थानातून आलेला मोमीन विणकरही साचा चालवत होता. वडिलोपार्जित हातमाग मोडल्यावर तो पोटासाठी मुंबईत आला आणि मदनपुऱ्यात स्थिरावला.

त्या साचेखात्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. विटाळाच्या या कारणावरून जास्त मजुरीचे ते खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. समतेचा धर्म सांगणाऱ्या आपण हे विसरून चालणार नाही.

याच वस्तीने बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेल यांना शाहीर अमर शेख म्हणून डोक्यावर घेतले. अण्णाभाऊ साठे यांच्यासोबत त्यांचा आवाज कामगारांच्या मैदानांतून घुमला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही गाजला.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, आणि कापडापेक्षा खालच्या जमिनीचे मोल वाढले. ही जमीन सुमारे सहाशे एकर होती. १९९१ च्या विकास नियमावलीतील नियम ५८ प्रमाणे तिचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे होते: एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीची ठरली. इमारत पाडून मोकळी होणारी जागा वाटणीबाहेर गेली. मग जुनी इमारत राखण्यात मालकाला कसला लाभ? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल कायम ठेवला.

आज फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल आहे आणि जुनी चिमणी तेवढी उभी आहे. फोर्टातल्या व्हिक्टोरियन व आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, त्याचा आनंदच आहे. पण ज्या घामावर हे शहर उभे राहिले, त्याचा वारसा कोणी जपायचा? काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योग संग्रहालयाचा प्रकल्प महापालिकेने हाती घेतला. तिथे नुसती यंत्रे मांडून भागणार नाही. साचेवाला कोण होता आणि कोणाला साचा नाकारला गेला, हेही तिथे लिहिलेले हवे.

मी उर्दू शाळेत इतिहास शिकवतो. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांना आपला पणजोबा विणकर होता एवढेच ठाऊक असते. मदनपुऱ्यातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी उर्दूत आहेत, लालबागच्या मराठीत. दोन्ही एका वहीत उतरल्याशिवाय गिरणगावचा इतिहास पुरा होणार नाही. घरात गिरणीचा जुना पास, पगाराची चिठ्ठी असेल तर रद्दीत घालू नका. इमारती पाडायला परवानगी लागते. आठवणी मात्र बिनपरवाना पुसल्या जातात.