फडाचे चरित्र

कवीचे चरित्र लिहिण्याची रीत आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. संताचे व मुत्सद्द्याचे तर विचारावयासच नको. परंतु फडाचे चरित्र लिहिण्यास सहसा कोणी बसत नाही. फड जमतो, गाजतो आणि मोडतो. मोडल्यावर त्यातील ज्याच्या नावावर पुस्तके असतील तो वाङ्मयेतिहासात जातो, व बाकीचे लोकांच्या आठवणीत जितके दिवस टिकतील तितके टिकतात. ह्या अन्यायाकडे आमचे लक्ष गेले ते एका विद्यार्थ्यामुळे, हे प्रथमच कबूल केलेले बरे.

गेल्या पावसाळ्यात ह्या विद्यार्थ्याने आम्हांस क्रोएशिया देशातील एका तरुण वाद्यमंडळीचे गायन ऐकविले. विजेवर गर्जणाऱ्या गिटारी, छातीत धडकी भरविणारे ढोल, आणि त्या गदारोळातून वर येणारा गुराख्याच्या पाव्यासारखा एक जुना, एकाकी सूर! ह्या प्रकारास तिकडे 'फोक मेटल' म्हणतात, असे त्याने सांगितले. आमच्या वयाच्या कानांस तो मानवला असे म्हणवत नाही. तथापि मधला तो सूर ऐकताच आम्ही सावरून बसलो. त्याच दक्षिण-स्लाव प्रदेशात 1933 ते 1935 ह्या काळात मिल्मन पॅरी नामक अमेरिकन पंडिताने खेडोपाडी हिंडून, 'गुस्ले' ह्या तंतुवाद्यावर वीरगीते गाणाऱ्या निरक्षर गायकांची गाणी तबकड्यांवर उतरवून घेतली, व होमरची महाकाव्ये मुखपरंपरेतून कशी घडली असावी ह्या प्रश्नास नवी दिशा दिली. आमचे शिक्षण इंग्रजी वाङ्मयात झालेले. म्हणून गुस्लेवाला आम्हांस ठाऊक होता, आणि डफ-तुणतुणेवाल्याकडे मात्र आम्ही उशिरा वळलो. असो.

विद्यार्थ्याने विचारले, "सर, आपल्याकडे असे कोणी केलेच नाही काय?" आम्ही म्हटले, केले, आणि तेही विजेच्या गिटारीवाचून. 1944 साली मुंबईत अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर ह्या तिघांनी मिळून 'लाल बावटा कलापथक' उभे केले. त्याचीच ही हकीकत.

तिघेही शाहीर, व तिघेही कम्युनिस्ट चळवळीतले. अण्णाभाऊ सातारा भागातील वाटेगावचे. जन्म 1 ऑगस्ट 1920, मातंग कुटुंबात. शाळा दीड दिवसाची, असे सांगतात. लहानपणी वडिलांबरोबर पायी चालत मुंबईस आले, पडेल ते काम केले, गिरणीत राबले, आणि चिरागनगरच्या झोपडीत राहून लिहिले. नात्यातल्याच बापू साठ्यांच्या तमाशाच्या फडात ते वावरलेले असल्यामुळे तमाशाचा सांगाडा त्यांस अंतर्बाह्य ठाऊक होता. अमर शेख बार्शीचे, जन्म 20 ऑक्टोबर 1916. मोटारीवरची किरकोळ कामे व गिरणीतील मजुरी करून वाढलेल्या ह्या मुसलमान मुलास गाणे मिळाले ते आई मुनेरबीच्या जात्यावरील ओव्यांतून. त्यांच्या पहाडी आवाजाची कीर्ती सर्वश्रुत आहे. गव्हाणकर हे स्वतः लिहिणारे व गाणारे; परंतु आज त्यांचे नाव बहुधा 'आणि' ह्या अव्ययानंतर येते.

ह्या तिघांनी केले काय, हे समजण्यास तमाशाची जुनी घडण ध्यानात घेतली पाहिजे. आधी गण, म्हणजे गणेशाचे स्तवन, मग गौळण, मग बतावणी व वग. सत्यशोधकांच्या व आंबेडकरी जलशांनी ह्या घडणीत आपला विचार भरण्याची वाट आधीच पाडली होती. अण्णाभाऊंनी त्या वाटेने पुढे जाऊन गणातील वंदन मातृभूमीस व श्रमणाऱ्यांस केले, गौळण काढूनच टाकली, आणि सोंगाड्याच्या तोंडी जी हजरजबाबी थट्टा असे ती कुळाच्या व कामगाराच्या तोंडी देऊन सावकार व शेठजींवर रोखली. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन' ही त्यांची त्या काळातील वगनाट्ये. परंतु ढोलकी, तुणतुणे, झीलकऱ्यांनी सूर उचलण्याची पद्धत, प्रश्नास प्रश्नाने उत्तर देण्याची लकब ह्यांपैकी कशासही त्यांनी हात लावला नाही. साच्यातील देव बदलला, साचा तोच राहिला.

कोणी म्हणेल की ही लोककलेची पक्षाने केलेली उसनवारी होय. आम्हांस हे मत पटत नाही. उसनवारी करावयास दोन पक्ष लागतात. येथे गाणारा व ऐकणारा दोघेही कालपरवा गावाकडून आलेले. परळ-लालबागच्या चाळीत ज्याने डफ ऐकला त्याने तो लहानपणी गावच्या जत्रेत ऐकलाच होता. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील वाचकांस ही गोष्ट एरवीही परकी वाटू नये. 1870 साली खामगावास आगगाडीचा फाटा आला तो वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरास नेण्यासाठी. आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांनीही ह्या काळ्या मातीतील कापूस कातला. त्या गिरण्यांच्या भोंग्यावर ज्यांचे दिवस उगवत व मावळत, त्यांनीच हे गाणे उभे केले.

'स्टालिनग्राडचा पोवाडा' हे अण्णाभाऊंचे 1943 मधील काव्य. म्हणजे पथकाच्या थोडे आधीचे. व्होल्गाकाठच्या त्या लढाईचा शेवट त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत झाला होता. ज्या नगराचे नाव उच्चारतानाही जीभ अडखळे त्याचा पोवाडा गिरणी कामगारांस ऐकविणे हे वरवर हास्यास्पद वाटेल. परंतु पोवाडा हा मुळी ताज्या वार्तेचाच प्रकार आहे. अज्ञानदासाने अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचला तो घटना ताजी असतानाच. 1891 साली ॲक्वर्थ व शाळिग्राम ह्यांनी जुने पोवाडे जमवून छापले, आणि तेव्हापासून पोवाडा म्हणजे गतवैभवाची वस्तू असा समज आम्हां शिकलेल्यांत दृढ झाला. अण्णाभाऊंनी तो समज मोडला नाही. त्यांस तो ठाऊकच नसावा, हे त्यांचे भाग्य. बंगालच्या दुष्काळावरही त्यांनी असाच पोवाडा केला. ह्या रचनांत सर्वत्र सारखे काव्य आहे असा आमचा आग्रह नाही. कित्येक ठिकाणी पत्रकाची भाषा पद्यात घातल्याचे उघड दिसते, आणि स्टालिनविषयीची भाबडी भक्ती आज वाचवत नाही. तरीही युद्धाचे वर्णन रंगू लागले की तेथे शाहिराची जुनी विद्या आपोआप जागी होते.

येथे एक आडवाट घेतल्यावाचून राहवत नाही. लोकगीताच्या सुरास नव्या युगात आणण्याची दुसरी वाट आमच्याच जिल्ह्यातून गेली आहे. मेहकरचे वकील ना. घ. देशपांडे ह्यांची 1929 मधील 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी ह्यांच्या गळ्यातून तबकडीवर गेली व घरोघर पोचली. त्याच नावाचा कवितासंग्रह पुढे 1954 साली निघाला. त्या गीतातही रान आहे, गावरान लय आहे. परंतु तबकडीस दोन-तीन मिनिटांत आटपणारे व एकट्याने ऐकावयाचे गाणे हवे होते. कलापथकास मैदानावरच्या जमावास रात्रभर खिळवून ठेवावयाचे होते. एकाने लोकसूर नाजूक केला, दुसऱ्याने त्याचा आवाज चढविला. विद्यार्थ्याच्या क्रोएशियन मंडळींचे नाते ह्या दुसऱ्याशी आहे.

चढलेला आवाज सरकारच्या कानी जाणे ओघानेच आले. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. कारण सांगितले ते अश्लीलतेचे. पुढे सुधारणा सुचविण्यासाठी दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. लाल बावट्याच्या वगांत शृंगार औषधास नव्हता, तरीही तेही बंदीच्या वरवंट्याखाली आले. 1948 पासून पक्षाची जी धरपकड सुरू झाली तीत पथकाचे कार्यक्रम करणे आणखीच दुष्कर झाले. अण्णाभाऊंनी ह्यावर काढलेली तोड मोठी मासलेवाईक आहे. त्यांनी आपल्या खेळास 'लोकनाट्य' म्हणण्यास आरंभ केला. ज्या शब्दावर आज विद्यापीठांतून प्रबंध लिहिले जातात, तो रूढ होण्यामागे पोलिसांस चुकविण्याची ही निकड होती, हे प्रबंधकारांनी विसरू नये.

पुढे पथकाची एकजूट राहिली नाही. अमर शेखांनी स्वतःचे कलापथक काढले. अण्णाभाऊ कथा-कादंबरीकडे अधिकाधिक वळले, व 1959 साली त्यांची 'फकिरा' प्रसिद्ध झाली. परंतु संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तिन्ही शाहीर पुन्हा एकाच रणात उतरले. ह्याच काळातील अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड सर्वांत गाजली. पोटासाठी मुंबईस आलेल्या गड्यास गावी राहिलेल्या बायकोचा विरह होतो, हा लावणीचा जुनाच विषय. आणि तो विरह शेवटी महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ह्या मुलुखांचा होतो. प्रीतीचे गाणे राजकारणात शिरते ते कोठेही सांधा न दाखविता. आमच्या मते कलापथकाने जे साधू पाहिले ते येथे पुरते साधले.

मात्र ही छक्कड आमच्या भागात कशी ऐकली गेली असेल, हा विचार मनात येतोच. 1955 साली राज्यपुनर्रचना आयोगाने विदर्भाचे निराळे राज्य सुचविले होते. 1956 च्या नोव्हेंबरात बुलढाणा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात. शाहिराच्या यादीत न आलेल्या मुलुखांची हुरहूर आहे. आलेल्यांत काहींचे मन निराळे होते, त्याची तीत जागा नाही. शाहिराकडून तशी अपेक्षा करणेही गैर होय. परंतु वऱ्हाडी श्रोत्याच्या टाळीत थोडा विचार मिसळलेला असेल, असे आम्हांस वाटते.

1969 च्या 18 जुलैस अण्णाभाऊ गेले, दारिद्र्यात. बरोबर सहा आठवड्यांनी, 29 ऑगस्टला, अमर शेखांचा मोटार-अपघातात अंत झाला. त्यानंतर अण्णाभाऊंचे पुतळे उभे राहिले, 2020 साली जन्मशताब्दी झाली. ते योग्यच झाले. पण त्यामुळे ते एकटे झाले. आमच्या ग्रंथालयात अण्णाभाऊ कादंबरीच्या कपाटात आहेत, अमर शेखांचा 'कलश' कवितेच्या. गव्हाणकर कोठेच नाहीत. वगाचे छापील पुस्तक उघडले तर त्यात संवाद आहेत, पदे आहेत. परंतु एकाने फेकलेली ओळ दुसऱ्याने झेलून तिसऱ्याने वर कशी नेली, हे कोणत्याच पानावर नाही. 'अकलेची गोष्ट' आम्ही वर्गात मोठ्याने वाचून पाहिली. मुले हसली खरी, पण आमचा आवाज एकच होता.

त्या विद्यार्थ्याने हल्ली 'माझी मैना' गिटारीवर बसविण्यास घेतली आहे; सोबत आणखी दोघे आहेत. चांगला डफ कोठे मिळेल, असे तो परवा विचारीत होता. आम्ही त्यास चिखलीच्या आठवडी बाजारात पाठविले आहे.