वादळ कधी संपलं?

माझ्या पणजोबांनी विजेच्या कामावर घाम गाळला, पण विजेच्या दिव्याखाली ते कधी जेवले नाहीत. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. शेती पावसाळ्यापुरती, भात घरात आलं की माणसं कामाच्या शोधात बाहेर पडत. पणजोबा भिऱ्याला गेले. घाटमाथ्यावर मुळशीला धरण बांधायचं, त्याचं पाणी नळांतून सह्याद्रीच्या कड्यावरून खाली आणायचं आणि पायथ्याला भिऱ्यात वीजगृह चालवायचं, अशी ती टाटांची योजना. वीजगृह १९२७ साली सुरू झालं. वर मावळात सेनापती बापटांचा सत्याग्रह होऊन गेला होता, गावं पाण्याखाली गेली होती. खाली पणजोबांनी दगड फोडले, मजुरी गाठीला बांधली आणि ते वाडीवर परतले. "तारा डोंगरावरून मुंबईला गेल्या," एवढंच ते लेकीला, म्हणजे माझ्या आजीला, सांगत.

आजीच्या घरात करंजाच्या तेलाचा दिवा, पुढे घासलेटची चिमणी. रात्री दुसऱ्या वाडीवर जायचं तर हातात चूड. दिवा विझला तर कोणी लावायचा हे विचारावं लागत नसे. ज्याच्या घरात विझला त्याने. पण आजीने मला त्या दिवसांचं गुणगान कधी करू दिलं नाही. तिचं एक बाळंतपण भर पावसाळ्यात चिमणीच्या उजेडात झालं, आणि ते मूल राहिलं नाही. सुईणीला नीट दिसलं असतं तर, हे वाक्य ती अर्ध्यावरच सोडायची.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे जमीन हलली तेव्हा वाडीतली सगळी माणसं अंगणात आली. सह्याद्रीच्या पलीकडे कोयनानगर उद्ध्वस्त झालं होतं. कोयनेचं वीजगृह बंद पडलं आणि तिकडे मुंबईचा वीजपुरवठा तुटला. आजीचा भाऊ तेव्हा गिरणीत होता. यंत्रं थांबली म्हणून त्याने काळजीने पत्र टाकलं, की गावाला काय परिस्थिती आहे. गावाला वीज जाण्याचा प्रश्नच नव्हता. भिरा एका बाजूला, कोयना दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या आमच्या डोंगरांत चिमण्या. हा हिशेब मला पुढे फार वर्षांनी उमगला.

खांब आले ते मामांच्या काळात. राज्य वीज मंडळ १९६० चं, पण डोंगरातल्या वाड्यांपर्यंत तारा पोचायला पुष्कळ वर्षं गेली. मामा हेल्पर म्हणून लागले, पुढे लाइनमन झाले. आमच्याकडे म्हातारी माणसं अजूनही 'बोर्ड'च म्हणतात आणि रोहित्राला 'डीपी'. मामा सांगत, की ट्रक जाईल तिथवर खांब ट्रकने. तिथून पुढे माणसांच्या खांद्यावर. दोरखंड बांधून, बांधांवरून, ओढ्यातून. वाडीतले बाप्ये मजुरी न मागता यायचे, कारण खांब त्यांच्याच दारात जायचा होता. ज्या फणसाच्या शेजारून तार गेली, त्या फणसाच्या फांद्या दर मे महिन्यात तोडायच्या, हे तेव्हाच ठरलं होतं. पुढे मालक मुंबईला गेला, वारस वाढले, फांदीला हात लावू नका म्हणून निरोप येऊ लागले. झाड वाढत राहिलं. मामांचं यावर स्पष्ट मत आहे: "खांब वाऱ्याने नाही पडत रे, झाडाने पडतो. आणि झाड एका दिवसात वाढत नाही."

मला हे वाक्य या सगळ्या प्रकरणातलं फार मोलाचं वाटतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि काही तासांत रायगड ओलांडून गेलं. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, तळा, माणगाव, खाली महाड-पोलादपूरपर्यंत आंबा, काजू, साग, सुपारी आडवी झाली आणि त्यांच्याबरोबर तारा. किनाऱ्याकडच्या काही गावांत महिनाभर दिवा लागला नाही. वारा होता एका दुपारचा, अंधार महिन्याचा. त्यातला दुपारचा भाग निसर्गाचा हे मान्य. उरलेल्या दिवसांचा धनी कोण?

ते दिवस कसे होते हे पाहिलेल्यांनाच ठाऊक. टाळेबंदी चालू होती, मुंबईची माणसं लेकराबाळांसह गावी आलेली. घरात दुप्पट माणसं आणि नळाला थेंब नाही, कारण नळपाणी योजनेचा पंप विजेवर. गिरणी बंद, म्हणून तांदूळ आहे पण पीठ नाही. मोबाइल चार्ज करायला कुणाच्या तरी गाडीपाशी रांग. बाहेरच्या जिल्ह्यांतून पथकं आली. पावसाळा तोंडावर होता. खांबासाठी खणलेला खड्डा संध्याकाळपर्यंत पाण्याने भरायचा. ती मुलं शाळेच्या व्हरांड्यात झोपली, अंगावर ओले कपडे घेऊन खांबावर चढली. जबाबदारीची चर्चा त्या मुलांवर येऊन थांबते तेव्हा मला राग येतो. अंधारात दिसणारा माणूस तोच एक असतो म्हणून त्याला बोल लावले जातात. आता लाइनमनला 'जनमित्र' म्हणतात. पण त्याच्या हाती किती गावं द्यायची, सुटे खांब आणि डीपी आधीच तालुक्याला आणून ठेवायचे की नाही, हे तो ठरवत नाही. मामा तोवर निवृत्त झाले होते. तरी पथकातली मुलं त्यांना शोधत आली, कारण रानातून वर गेलेली लाइन कोणत्या ओढ्यापाशी वळते हे त्यांच्या ध्यानात होतं.

मामांनी नोकरीत असताना सोसलेला पावसाळा २००५ चा. ६ जून २००५ ला वीज मंडळाचं विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. त्यानंतर सात आठवड्यांनी, २५-२६ जुलैला, दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे आणि आमच्या तालुक्यात कोतवालला डोंगर घरांवर आले. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, देशाचं लक्ष मुंबईकडे लागलं. इकडच्या दरडींची बातमी मागून गेली. विभाजनामुळे अंधार लांबला असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्यापाशी नाही. पण पूर्वी एक दार ठोठावायचं होतं, आता दारं वाढली. आपत्ती व्यवस्थापनाचा केंद्रीय कायदाही त्याच वर्षीचा. त्याने जिल्हाधिकाऱ्यांना जिल्हा प्राधिकरणाचं अध्यक्षपद दिलं. म्हणजे आपत्तीत वीज, रस्ता, पाणी, फोन या सगळ्या खात्यांना एका टेबलाशी बसवण्याचा अधिकार कुणाला, हा प्रश्न तरी सुटलेला आहे.

२२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. सावित्री तिथूनच निघते. महाड बुडालं. तळिये गावावर दुपारनंतर डोंगर आला आणि ८० हून अधिक माणसं गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. रस्ते तुटलेले, वीज गेलेली, फोन मुके. मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. मोबाइलचा टॉवर बॅटरीवर काही तास तग धरतो, मग त्याला डिझेल लागतं, आणि डिझेलची गाडी त्याच तुटलेल्या रस्त्यावर अडलेली असते. दरड कोसळल्यावर हाक मारायची तर ती हाकही विजेवरच जाते. म्हणून वीज जाणं ही गैरसोय आहे, असं कुणी म्हटलं की मला आजीचं अर्धं राहिलेलं वाक्य आठवतं.

अंधाराने माणसं मरतात, फक्त ती वादळाच्या यादीत येत नाहीत. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटाची वीजव्यवस्था मोडली. शेवटच्या घरांत वीज यायला जवळपास अकरा महिने लागले. सरकारी आकडा आधी ६४ मृत्यूंचा होता. अभ्यासानंतर तो २,९७५ मान्य करावा लागला. आपल्याकडे पुरानंतरच्या महिन्यात डायलिसिसला न पोचलेली, दूषित पाणी प्यालेली, रात्री साप चावलेली माणसं कुणी या हिशेबात धरत नाही.

कायदा काय म्हणतो ते मी वाचलं. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५७ नुसार वितरण कंपनीच्या सेवेचे निकष ठरतात आणि ते चुकले तर ग्राहकाला भरपाई मिळते. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१४ च्या विनियमांत ग्रामीण भागातलं निकामी रोहित्र ४८ तासांत पूर्ववत करण्याची मुदत होती. पण त्याच कायद्याचं कलम ४४ म्हणतं, की चक्रीवादळ, पूर, वादळ किंवा ताब्याबाहेरच्या अशाच कारणाने अडथळा आला तर पुरवठ्याच्या कर्तव्यातून सूट. आयोगाच्या निकषांनाही आपत्तीत अशीच सूट आहे. ही सूट रास्त आहे. कड्यावरून दरड येत असताना कुणा पोराला खांबावर चढवा असं मी कधीच म्हणणार नाही. २००५ च्या दरडींच्या रात्री मामांना घरात बसवण्यासाठी आजीने त्यांच्या वाटेत पाट मांडला होता.

मग अडलं कुठे? सूट सुरू कधी झाली हे सगळ्यांना माहीत असतं. ती संपली कधी, हे कुणीच सांगत नाही. वारा थांबतो, पाणी उतरतं, रस्त्यावरची दरड जेसीबीने बाजूला होते, एसटी सुरू होते. तरी वीज नसलेल्या प्रत्येक दिवसाला कारण तेच, वादळ. तोडली न गेलेली फांदी, तालुक्यात नसलेला सुटा खांब, रिकामी राहिलेली पदं, एकाच बाजूने येणारी वाहिनी हे सगळं त्याच एका शब्दाखाली झाकलं जातं. त्यात फणसाला हात लावू न देणारे आम्हीही आलोच, मुंबईत बसून निरोप धाडणारे वारसही. राष्ट्रीय चक्रीवादळ प्रकल्पातून अलिबागला तारा जमिनीखाली गेल्या, चांगलं झालं. पण तो प्रकल्प किनाऱ्याचा. सरकत्या डोंगरात केबल पुरून काय साधणार? इथे लागतात ते दोन बाजूंनी येणारे फीडर, पावसाळ्यापूर्वी वाडीजवळ आणून ठेवलेले खांब आणि टॉवरपाशी आधीच भरून ठेवलेलं डिझेल.

आणि लागते एक तारीख. जिल्हाधिकाऱ्यांनी आपत्तीनंतर वाडीवार जाहीर करावं: या वाडीचा रस्ता अमुक दिवशी खुला झाला, पाणी अमुक दिवशी उतरलं, आजपासून इथे सूट संपली आणि निकषांचे तास सुरू झाले. तलाठी आणि ग्रामसेवक पंचनाम्याला येतातच. त्याच कागदावर एक रकाना वाढवला तरी पुरे. त्या तारखेआधीचा अंधार निसर्गाच्या नावे लिहा. तिच्यानंतरचा प्रत्येक दिवस ज्याच्या खात्याचा त्याच्या नावे लिहा: फांदीचा असेल तर मालकाच्या, खांबाचा असेल तर कंपनीच्या, रिकाम्या पदाचा असेल तर पदं न भरणाऱ्यांच्या. २२ जुलै २०२१ साठीही अशी यादी अजून करता येईल. रस्ते कधी खुले झाले याच्या नोंदी बांधकाम खात्याकडे असतील, वाहिन्या कधी सुरू झाल्या याच्या वीज उपकेंद्रांत. दोन्ही वह्या शेजारी ठेवायच्या आहेत. मामा म्हणतात, बसतो मी वाचायला, चष्मा तेवढा नवीन करून द्या.