दाबोळीची धावपट्टी नेमकी कोणाची?

गोव्याचे तिकीट काढताना एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. दाबोळीला उतरणारी परदेशी विमाने बहुधा रात्री-अपरात्री नाहीतर पहाटे येतात. आखातातून भारतात कुठेही जा, विमान मध्यरात्रीच उतरते, हे खरे. पण दाबोळीच्या बाबतीत त्याखेरीज आणखी एक कारण आहे. सोमवार ते शुक्रवार, सकाळी साडेआठपासून दुपारी एक-दीडपर्यंत तिथली धावपट्टी प्रवासी विमानांना वर्षानुवर्षे बंद राहत आली. त्या वेळात नौदलाचे वैमानिक सराव करतात. धावपट्टी नौदलाची, नियंत्रण मनोरा नौदलाचा. तुम्ही-आम्ही तिथे पाहुणे.

हे असे का झाले, ते समजून घ्यायला १९५५ पर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सीमेवर जमले आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारत सरकारने गोव्याची कोंडी आवळली. रेल्वे बंद झाली, रस्ते बंद झाले. बेळगावची भाजी यायची थांबली. मुंबईत कुडांमधून राहणाऱ्या, बोटीवर किंवा हॉटेलांत काम करणाऱ्या गोंयकारांना घरी पैसे पाठवणे अवघड झाले. आज परदेशातून महिन्याला घरी पैसे पाठवणाऱ्यांना ही कोंडी काय असेल ते वेगळे सांगायला नको.

पोर्तुगालने मात्र माघार घेतली नाही. मुरगाव बंदरातून लोहखनिज जपानला जात होते आणि हातात पैसा होता. म्हणून हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा, पाकिस्तानचा तांदूळ, जपानचे सिमेंट असा माल बोटींनी येऊ लागला. माणसांच्या ये-जा करण्यासाठी मात्र बोट फार सावकाश. त्यासाठी वास्कोजवळच्या जांभ्याच्या सड्यावर, सुमारे २४९ एकर जागेत, विमानतळ उभा राहिला. तत्कालीन गव्हर्नर जनरल बेनार्ड गेदिश यांचे नाव त्याला दिले गेले. दमण आणि दीवलाही धावपट्ट्या झाल्या, कारण तिथे पोचायलाही आता भारतातून वाट नव्हती.

याच वर्षी 'ताइप' ही पोर्तुगीज भारताची स्वतःची विमान कंपनी निघाली. सुरुवातीला तिच्याकडे हेरॉन जातीची छोटी विमाने होती, नंतर वायकिंग, मग मोठी डग्लस. तिचा महत्त्वाचा मार्ग कोणता, तर गोवा-कराची. पणजीहून मुंबई जवळ, पण तिकडचे दार बंद. कराचीत गोंयकारांची जुनी, मोठी वस्ती होती, आणि पाकिस्तानला पोर्तुगालशी जुळवून घेण्यात अडचण नव्हती. पुढे ही कंपनी लिस्बनपर्यंत उडू लागली. थोडक्यात, दाबोळीचा विमानतळ पहिल्या दिवसापासून आंतरराष्ट्रीय होता, कारण शेजारच्या देशात तो उतरूच शकत नव्हता! आमच्या क्षेत्रात विमानतळांचा इतिहास लिहिताना व्यापार आणि पर्यटन यांपासून सुरुवात करायची सवय आहे. दाबोळीला ती चाल लागू पडत नाही. हा विमानतळ वेढ्यात सापडलेल्या सत्तेने श्वास घ्यायला काढलेली खिडकी होती.

ती खिडकी १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी फुटली. पुण्याच्या लोहगावहून निघालेल्या बारा कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी काही मिनिटांत धावपट्टीवर सुमारे ६३ हजार पौंड बॉम्ब टाकले आणि नंतर दुसरी तुकडीही येऊन गेली. इमारत आणि नियंत्रण मनोरा मात्र राखायचा, असा आदेश होता. पुढे आपल्यालाच तो वापरायचा आहे, हे वरिष्ठांना ठाऊक होते. हल्ल्यानंतर एक कॉन्स्टेलेशन आणि एक डग्लस ही दोन मोठी विमाने शाबूत राहिली. त्या रात्री, उखडलेल्या धावपट्टीच्या उरलेल्या तुकड्यावरून, अंधारात, ती दोन्ही उडाली आणि पोर्तुगीज अधिकाऱ्यांची कुटुंबे घेऊन कराचीला पोचली. वैमानिकांच्या कौशल्याला दाद द्यायला हवी, मग बाजू कोणतीही असो. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला.

आता खरा प्रश्न येतो. गोवा मुक्त झाल्यावर विमानतळ गोंयकारांच्या हाती यायला हवा होता की नाही? तो आला नाही. १९६२ मध्ये नौदलाने तो ताब्यात घेतला. त्यामागे कारण होते. आदल्याच वर्षी मार्चमध्ये 'विक्रांत' ही भारताची पहिली विमानवाहू नौका ताफ्यात आली होती. तिच्यावरच्या सी हॉक आणि आलिझे विमानांना नौका बंदरात असताना राहायला, सराव करायला किनाऱ्यावर जागा हवी होती. त्यासाठीचा 'हंसा' हा तळ तोवर कोइंबतूरजवळच्या सुलूरला होता, म्हणजे समुद्रापासून बराच आत. समुद्रालगत, तयार धावपट्टीसह, रिकामी झालेली जागा मिळाल्यावर ती कोण सोडेल? १९६४ मध्ये 'हंसा' दाबोळीला हलला आणि आजही तिथेच आहे. सी हॉकनंतर सी हॅरियर आले, मग मिग-२९के. 'तेजस'च्या नौदल आवृत्तीसाठी नौकेच्या डेकसारखा चढता उतार असलेली चाचणी-पट्टीही तिथेच बांधली गेली.

म्हणून आकडे असे दिसतात. एकूण आवार सुमारे १,७०० एकर. त्यात प्रवासी विमानांसाठीचा भाग कित्येक वर्षे ३५ एकरांच्या आसपास. लग्नाच्या मांडवातला एखादा कोपरा वऱ्हाडाला द्यावा, तशी ही वाटणी. पुणेकर वाचकांना हे नवीन वाटणार नाही, कारण लोहगावची धावपट्टीही हवाई दलाची आहे. म्हणजे ज्या तळावरून दाबोळीवर बॉम्ब टाकायला विमाने निघाली आणि ज्या तळावर ते पडले, ते दोन्ही आज आपण 'प्रवासी विमानतळ' म्हणून वापरतो, आणि दोन्हीकडे लष्कराच्या परवानगीने.

बरीच वर्षे याने कोणाचे फार अडले नाही. इंडियन एअरलाइन्सची मोजकी विमाने येत-जात. १९८३ मध्ये राष्ट्रकुल परिषदेचे नेते विश्रांतीसाठी आग्वादला आले तेव्हा गोव्याचे नाव जगाच्या नकाशावर ठळक झाले. १९८७ मध्ये जर्मनीहून 'कॉन्डॉर'चे पहिले चार्टर विमान उतरले. त्याच सुमारास 'जागृत गोंयकारांची फौज' या गटाने चार्टरने आलेल्या पर्यटकांचे स्वागत शेणाने केले. पर्यटनाने पाणी, जमीन आणि गावपण जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांची पद्धत पटो न पटो, मुद्दा चुकीचा होता असे आज कळंगुटला जाऊन आलेला माणूस म्हणणार नाही. चार्टर थांबले नाहीत. २०१३ च्या डिसेंबरात नवे टर्मिनल झाले, आणि २०१८-१९ पर्यंत वर्षाचे प्रवासी ८० लाखांवर गेले. टर्मिनल मोठे झाले, पण धावपट्टी तीच, आणि सकाळचे ते चार-पाच तास तसेच बंद. साहजिकच उरलेल्या वेळेत गर्दी उसळे.

एकच धावपट्टी असली की काय होते, ते दोन प्रसंगांनी दाखवले. २७ डिसेंबर २०१६ ला, ऐन हंगामात, दुबईहून गोवामार्गे मुंबईला निघालेले एक बोईंग ७३७ पहाटे उड्डाणाच्या तयारीत असताना धावपट्टीवरून बाजूला घसरले. विमानात १६१ माणसे होती. काही जखमी झाली, जीव कोणाचा गेला नाही. पण दुपारपर्यंत विमानतळ बंद. ३ जानेवारी २०१८ ला नौदलाचे मिग-२९के घसरून पेटले आणि पुन्हा प्रवासी खोळंबले. पहिल्या वेळी प्रवाशांच्या विमानामुळे नौदल अडले, दुसऱ्या वेळी नौदलामुळे प्रवासी. भाडेकरू आणि घरमालक एकच जिना वापरतात, त्याला इलाज नसतो.

इलाज म्हणून काहीजण म्हणत, नौदलाने कारवारला जावे. तिथे २००५ पासून 'कदंब' हा मोठा तळ आहेच. नौदल गेले नाही. दुसरा इलाज म्हणजे मोपा, पेडणे तालुक्यातला आणखी एक जांभ्याचा सडा. केंद्रीय मंत्रिमंडळाने २००० मध्येच त्याला मान्यता दिली, पण अशी अट घातली की मोपा सुरू झाल्यावर दाबोळीची प्रवासी वाहतूक बंद व्हावी. या एका अटीने गोव्यात उत्तर विरुद्ध दक्षिण अशी फूट पडली. सासष्टी आणि मुरगावच्या लोकांना वाटले, आपल्या टॅक्सी, आपली हॉटेले, आपल्या आखातातल्या मुलांचे घर गाठणे, सगळेच संपले. आणि ते चुकीचे नव्हते. २०१० मध्ये अट बदलली, दोन्ही विमानतळ चालू राहतील असे ठरले. तरीही धास्ती गेली नाही.

मोपाची पायाभरणी २०१६ मध्ये झाली. पर्यावरण परवानगीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या मार्चमध्ये काम थांबवले आणि २०२० च्या जानेवारीत ते पुन्हा सुरू होऊ दिले. सड्यावरच्या धनगर कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रांत फार थोडे आले. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झाले, मनोहर पर्रीकरांचे नाव दिले गेले, आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. त्याच वर्षीच्या जुलैत लंडनचे विमान मोपाला आले. २०२४ च्या जूनमध्ये 'कतार एअरवेज'नेही दाबोळी सोडून मोपा धरले. इथे सराव नाही, बंद तास नाहीत. खासगी कंपनीचा कारभार आहे.

तेव्हा तिकीट काढताना तीन अक्षरे नीट बघा. 'जीओआय' म्हणजे दाबोळी, 'जीओएक्स' म्हणजे मोपा. तुम्ही बांदा, सावंतवाडी किंवा दोडामार्गचे असाल तर मोपा तुम्हाला जणू स्वतःच्या तालुक्यातला वाटेल, मुंबईला उतरून रात्रभर गाडीने येण्याची दगदग वाचेल. तुम्ही मडगावचे किंवा काणकोणचे असाल तर मात्र तेच विमान तुम्हाला गोव्याच्या दुसऱ्या टोकाला उतरवते, आणि पुढचा प्रवास रस्त्याने, तिथल्या टॅक्सीच्या दराने. दक्षिण गोव्यातली कोणतीही ग्रामसभा काढा, दाबोळी रिकामी होते आहे ही तक्रार तिथे निघतेच. एक-एक विमान कंपनी जाते, कोणी अधिकृतपणे विमानतळ बंद केल्याचे सांगत नाही. नौदलाला बहुधा हरकत नसावी. त्यांचे सराव सकाळी साडेआठला सुरू होतात, आणि आता आकाश थोडे मोकळे असते.