अर्धी वाकळ

इतिहासाची साधने म्हटली की दफ्तरे, ताम्रपट, शिलालेख आपल्या डोळ्यांपुढे येतात. वाकळीला त्या यादीत जागा नाही. तथापि घरातील जुनी लुगडी आणि धोतरे थरावर थर अंथरून, उन्हाळ्यात शेतीची कामे सरल्यावर बायका धावदोऱ्याने जी वाकळ शिवतात, तिच्यात त्या घरातल्या माणसांची नोंदच असते. कोणते लुगडे कोणाचे, ते कोणत्या लग्नात घेतले, हे शिवणारीला ठाऊक असते. अडचण एवढीच, की ही नोंद वाचणारी बाई गेली की वाचनही संपते.

सास्तूरच्या बाबतीत ही अडचण एका पहाटेत उभी राहिली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाची रात्र सरत असताना, ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे दगावली. किल्लारीप्रमाणेच सास्तूरचीही अपरिमित हानी झाली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली. मृतांची, घरांची, मदतीची मोजदाद सरकारी कागदांत आहे. लुगड्यांची अर्थातच नाही.

आमच्या घरी त्या उन्हाळ्यात आजीने घातलेली एक वाकळ आहे. ढिगाऱ्यातून निघालेल्या लोखंडी पेटीत ती घडी करून ठेवलेली होती. टाके चारही कडांनी आत येत गेले आहेत आणि मध्यभाग मोकळा राहिला आहे. आजी त्या पहाटे गेली. तीस वर्षांहून अधिक काळ वाकळ तशीच राहिली. आता ती पुरी करण्यास आम्ही बसलो आहोत.

प्रश्न शिवणाचा नाही, अधिकाराचा आहे. आजीच्या टाक्यासारखाच टाका घालून मध्यभाग भरला, तर वाकळ अखंड दिसेल. पण तिचा हात कोठे थांबला, हे कायमचे पुसले जाईल. साहित्याच्या अभ्यासकांस हा पेच अपरिचित नाही. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा तीत कोणी आपल्या ओव्या मिसळू नयेत, असेही बजावून ठेवले. प्रक्षेप वाईट असतो तो कमअस्सल असतो म्हणून नव्हे, तर तो मूळ हाताचा आवाज आपलाच म्हणून सांगतो म्हणून.

उलट, वाकळ अर्धी ठेवून जपावी, हेही आम्हांस पटत नाही. वाकळ पांघरण्यासाठी असते. न पांघरलेली वाकळ हे केवळ स्मारक होय, आणि आजीने स्मारक घातले नव्हते. म्हणून आम्ही असे ठरविले: वरचे कापड आईच्या सुती साडीचे घ्यायचे, आणि दोरा मात्र लाल. आजीचा दोरा पांढरा आहे. पुढे कोणी हात फिरवील, तेव्हा पांढरा कोठे संपतो आणि लाल कोठे सुरू होतो, हे त्यास विचारावे लागणार नाही.