सेवेकऱ्यांची शंभर वर्षे

पांडुरंगाच्या कृपेने आपल्या दिंडीला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. वीणा कोणाच्या गळ्यात होती, कीर्तन कोणाचे झाले, हे आपल्या लक्षात राहते. पाणी कोणी भरले, चूल कोणी पेटवली, थकल्या म्हाताऱ्याचे पाय कोणी चेपले, याची नोंद मात्र कुठल्याच वहीत नाही. म्हणून हा लेख त्यांचा.

दिंडी निघू लागली तेव्हा आपले बदनापूर निजामाच्या राज्यात होते. गावात रेल्वे आली होती, पण वारी पायीच. सामान बैलगाडीत. अंबड, शहागडला गोदामाई, मग गेवराई, बीड अशी वाट. मुक्काम आला की सगळे टेकायचे, सेवेकरी तेवढे उभे. कोणी आडाचे पाणी शेंदायचा, कोणी सरपण आणायचा, बाया भाकरी थापायला बसायच्या. पंगत उठल्यावर ही मंडळी जेवायची. तरी जुनी माणसे सांगतात, सकाळी सगळ्यात आधी ताजेतवाने तेच उठायचे.

ही रीत आपल्याला परंपरेनेच दिली. पैठण आपल्यापासून काही लांब नाही. रामेश्वरासाठी आणलेली गंगा नाथमहाराजांनी तहानलेल्या गाढवाला पाजली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो.

अलीकडच्या काळात गाडगेबाबांनी तेच करून दाखवले. 1876 साली अमरावतीकडच्या शेंडगावी जन्मलेल्या बाबांनी 1905 साली घर सोडले आणि 20 डिसेंबर 1956 ला देह ठेवीपर्यंत हातातला खराटा खाली ठेवला नाही. पंढरीत जमलेल्या वारकऱ्यांतच ते देव पाहत आणि वाळवंट झाडीत. लोकांनी दिलेल्या पैशातून धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण बाबांच्या अंगावर चिंध्याच. ज्याच्याजवळ स्वतःचे काही नाही, तो माणूस हजारोंना हसवत होता. हे समाधान आले कुठून?

त्याचे उत्तर दिंडीत दिसते. घरात दुःख झाले की माणूस कोपरा धरतो. तेच ते विचार, झोप नाही, अन्न गोड लागत नाही. असा माणूस दिंडीत आला आणि त्याच्या हाती पाण्याची कळशी दिली, की दर चार पावलांवर कोणीतरी म्हणते, “माउली, इकडे या!” आपली कोणाला गरज आहे, हे त्याला पुन्हा कळते. अंग दमते, मन हलके होते, रात्री डोळा लागतो. दुःख जात नाही, पण ते उचलायचे बळ येते. दुसऱ्याला मदत करणाऱ्याचे एकटेपण कमी होते, असे आता डॉक्टर मंडळीही सांगतात.

एक मात्र खरे, सेवा म्हणजे एकाच्याच मानेवर जू नव्हे. वर्षानुवर्षे चूल बायांनीच फुंकायची आणि पुरुषांनी पंगतीला बसायचे, यात त्या माउल्यांचे समाधान आपण किती पाहिले? सेवा पाळीने वाटली तर ती गोड लागते. सेवेकऱ्यालाही वेळेवर घास आणि विसावा मिळालाच पाहिजे.

आता काळ बदलला. टँकर आला, टेम्पो आला, भिशी भरली की आचारी स्वयंपाक करतो. सोय झाली, चांगलेच झाले. पण भिशी भरून फक्त पत्रावळीवर बसणारे वाढले आणि वाढणारे हात कमी झाले, तर आपण शंभर वर्षांची कमाई गमावू. दुसरीकडे, निर्मल वारीत महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेतली पोरे वाटेवर स्वच्छतेला उभी राहतात. ती वारकरी घराण्यातलीच असतात असे नाही. त्यांना जमते, मग आपल्याला का जमू नये?

म्हणून एवढीच विनंती, येत्या आषाढीला प्रत्येकाने एक तरी काम मागून घ्यावे. पाणी द्या, पंगत वाढा, मुक्कामाची जागा झाडा, नाही तर एखाद्या आजीची पिशवी धरा. पोराबाळांनाही सोबत घ्या. दुसऱ्या शंभर वर्षांची दिंडी तेच चालवणार आहेत.

रामकृष्ण हरी.