जुन्या बाजारातील चित्रयंत्रे

दुर्गाडीच्या किल्ल्याखालून खाडीवरचा पूल ओलांडला, की कल्याण मागे राहते आणि भिवंडीच्या रस्त्यावर कोन लागते. महसुली दप्तरात मौजे कोन, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, एवढाच त्याचा तपशील; पण कोणीतरी अडगळीत टाकलेला घरगुती प्रोजेक्टर विकत घेऊन तो पुन्हा चालता करण्याच्या उद्योगाचा पूर्वेतिहास ज्याला जाणून घ्यावयाचा आहे, त्याने याच गावी उभे राहून दोन्ही दिशांना पाहावे. एका बाजूस ते कल्याण, जेथे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर चित्र पाडण्याची कला सिनेमाच्या आधी रुजली. दुसऱ्या बाजूस ती भिवंडी, जेथे इतरांनी मोडीत काढलेल्या यंत्रांवर एका संपूर्ण शहराचा संसार उभा राहिला.

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 1892 मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने आपला खेळ लोकांपुढे आणला, तेव्हा फ्रान्समध्ये ल्युमिएर बंधूंचे यंत्र अद्याप जन्मावयाचे होते. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगविलेली पौराणिक चित्रे, त्यांच्यामागे दिवा, पुढे भिंग, आणि निवेदन व संगीत यांची जोड, एवढ्या सामग्रीवर पटवर्धन व त्यांचे पुत्र पडद्यावरील आकृती हालत असल्याचा आभास निर्माण करीत. प्रकाश, भिंग आणि अंधार यांचे जे गणित या कुटुंबाने स्वतःच्या हातांनी सोडविले, तेच पुढे प्रत्येक प्रोजेक्टरच्या पोटात राहिले. त्यात भर पडली ती फिल्मच्या गतीची.

ही गती मुंबईत प्रथम दिसली ती 7 जुलै 1896 रोजी, वॉटसन हॉटेलातील ल्युमिएरच्या खेळात. त्या खेळाने भारून गेलेले छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सर्वांचे सावेदादा, यांनी 21 गिनी मोजून इंग्लंडहून कॅमेरा आणविला आणि 1899 मध्ये हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली. फिल्म धुण्यासाठी विलायतेस गेलेली असताना त्यांनी प्रोजेक्टर घेऊन परदेशी चित्रांचे खेळही सुरू केले. पुढे त्यांनी हा उद्योग सोडला, तेव्हा त्यांचा कॅमेरा करंदीकर, पाटणकर आणि दिवेकर या त्रयीने विकत घेतला. आपल्या चित्रव्यवसायाच्या आरंभीच्या काळातच यंत्र एका हातातून दुसऱ्या हाती गेले आणि तेथेही कामास लागले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. दादासाहेब फाळके यांचा आरंभही याहून भपकेबाज नव्हता. 1911 मध्ये गिरगावच्या चित्रगृहात ख्रिस्तचरित्र पाहिल्यानंतर त्यांनी एक लहानसे यंत्र व काही रिळे पैदा केली आणि रात्री घरी मेणबत्तीच्या उजेडापुढे भिंग ठेवून ती चित्रे भिंतीवर पाडून अभ्यासली. या जागरणांत त्यांची दृष्टी जवळजवळ गेली व उपचारांनी परत आली. भारतीय चित्रपटाची पाठशाळा म्हणून जर कोणते स्थळ दाखवावयाचे असेल, तर मी ती भिंत दाखवीन.

घरी चित्र दाखविण्याची चाल श्रीमंतांच्या दिवाणखान्यात शिरली ती मात्र यानंतर. फ्रान्समधील पाथे कंपनीने 1922 च्या नाताळात साडेनऊ मिलिमीटरच्या फिल्मचा हाताने फिरविण्याचा ‘पाथे बेबी’ बाजारात आणला. कोडॅकने 1923 मध्ये सोळा, मंदीच्या दिवसांत खर्च आटोक्यात यावा म्हणून 1932 मध्ये आठ, आणि 1965 मध्ये सुपर आठ मिलिमीटरची फिल्म काढली. चित्रगृहांतील त्या काळची नायट्रेट फिल्म एकदा पेटली की विझविता येत नसे, म्हणून या घरगुती मापांसाठी मात्र सहज पेट न घेणारी ॲसिटेट फिल्म पत्करण्यात आली; त्या एका निर्णयामुळेच मुंज, लग्न आणि बारशी यांची चित्रे घरात निर्धास्तपणे दाखविणे शक्य झाले.

आता भिवंडीकडे वळावे. 1857 नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांच्या हातमागांवर वाढलेल्या या गावात पुढे यंत्रमाग आले, आणि त्यांपैकी पुष्कळसे मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले होते. भंगाराच्या भावाने घेतलेला माग उलगडावा, झिजलेला भाग ओतून वा घडवून घ्यावा, तेल द्यावे आणि तो पुन्हा कापड विणू लागावा, ही विद्या येथील फिटर आणि जॉबर मंडळींनी कोणत्याही शाळेत न जाता आत्मसात केली. प्रोजेक्टरचे मर्मही मागासारखेच आहे: अखंड फिरणाऱ्या चाकातून थांबत-थांबत पुढे सरकणारी गती निर्माण करावयाची. ल्युमिएरनी तर ती युक्ती शिवणयंत्रावरून घेतली. फिल्मच्या छिद्रात एक नखी शिरते, एक चित्र खाली ओढते, मागे हटते. ओढण्याच्या क्षणी शटर प्रकाश अडविते, चित्र स्थिर होताच तो सोडते. मूक आठ मिलिमीटरमध्ये हे सेकंदाला सोळा वेळा घडते, आणि शटरला बहुधा तीन पाती असल्यामुळे प्रकाशाची उघडझाप अठ्ठेचाळीस वेळा होऊन डोळ्यांस लुकलुक जाणवत नाही.

म्हणून असे जुने यंत्र हाती आले, की त्याला तात्काळ वीज जोडण्याचा मोह आवरावा. वर्षानुवर्षे पडून राहिल्याने आतील वंगण मेणासारखे घट्ट झालेले असते. ते पुसून काढून नवे तेल थेंबाथेंबाने द्यावे, आणि चाक प्रथम हाताने फिरवून नखी मोकळी हालते की नाही ते पाहावे. रबरी पट्टा एकतर तडकलेला असतो किंवा चिकट लगदा झालेला. तो बदलावाच लागतो. अमेरिकेहून आलेले यंत्र बहुधा 110 व्होल्टचे असते, आणि आपल्या 230 व्होल्टवर ते थेट लावल्यास दिवा त्याच क्षणी जातो, शिवाय तसा दिवा आज सहजी मिळत नाही. तेव्हा ट्रान्सफॉर्मर आधी, दिवा नंतर. फिल्म ज्या फटीतून सरकते ती जागा मऊ ब्रशाने स्वच्छ करावी, तेथे लोखंडी टोक कदापि लावू नये, कारण तेथील एक ओरखडा पुढे प्रत्येक रिळावर उमटत जातो. शिवाय नखीच्या वर व खाली फिल्मला सैल वळसा ठेवावा लागतो. तो आकसला की छिद्रे फाटतात, आणि फिल्म जागीच अडकली तर दिव्याच्या उष्णतेने त्या चित्राला भोक पडते.

पुण्यात 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाल्यावर तेथील पी. के. नायर यांनी फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाची उरलेली रिळे त्यांच्या कुटुंबीयांकडूनच मिळविली; घरच्या पेटीतील रिळांचे मोल त्यावरून कळते. यास्तव नव्याने चालू केलेल्या यंत्रावर आजोबांच्या लग्नाचे रीळ प्रथम चढवू नये. आधी एखादी निरुपयोगी फिल्म अथपासून इतिपर्यंत चालवून पाहावी. आणि डबा उघडताच शिरक्याचा आंबट वास आला, तर ॲसिटेट विघटित होऊ लागले आहे असे समजून ते रीळ प्रोजेक्टरला लावूच नये. ते इतर रिळांपासून वेगळे, थंड व कोरड्या जागी ठेवून, जाणकाराकडून त्याची डिजिटल प्रत लवकर करून घ्यावी.