अणुइंधन नळीतील वायुमिश्रण

अणुइंधन नळीतील वायुमिश्रण : अणुभट्टीच्या इंधननळीत युरेनियम ऑक्साइडच्या वड्या आणि धातूचे आवरण यांच्यामधल्या फटीत साठणारे हेलियम, झेनॉन व क्रिप्टॉन यांचे मिश्रण.  हलका आणि जड वायू एकत्र आले की उष्णता किती वाहते, हा अवघड प्रश्न तारापूरच्या १९६९ मधील उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांनाही चुकलेला नव्हता.

तिथल्या एका जुडग्यात ३६ नळ्या. वडीचा व्यास सुमारे सव्वा सेंटिमीटर, भोवतालची फट मिलिमीटरच्या दशांशाच्या आसपास. एवढ्याशा फटीत नळी बंद करतानाच हेलियम भरतात, कारण त्याची उष्णतासंवाहकता साध्या तापमानाला दर मीटर-केल्विनला ०.१५ वॉट, तर झेनॉनची जेमतेम ०.००५५. पण शंभर विखंडनांमागे झेनॉन-क्रिप्टॉनचे पंचवीस-तीस अणू जन्मतात (त्यांत झेनॉनच फार), आणि वडी तापली की त्यांतले काही फटीत उतरतात.

इथे सरळ सरासरी फसवते. निम्मे हेलियम व निम्मे झेनॉन घेतले तर सरासरीने ०.०७८ येते, प्रत्यक्षात त्याच्या निम्मेही भरत नाही. जड, संथ झेनॉनशी टकरा होऊन चपळ हेलियमची वाट अडते. मिश्रणाचे सूत्र वासिलियेवा यांनी १९०४ मध्ये दिले. १९५८ मध्ये मेसन व भारतीय भौतिकशास्त्रज्ञ एस. सी. सक्सेना यांनी त्यातले गुणांक काढायची सोपी रीत दाखवली. ती आजही वापरात आहे.

परिणाम दुष्टचक्राचा असतो : झेनॉन वाढला की फट उष्णता अडवते, वडी आणखी तापते, आणखी झेनॉन सुटतो. फटीत किती झेनॉन उतरला हे पाहण्यासाठी तारापूरच्या वापरलेल्या नळ्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तपासल्या गेल्या. जाड भिंतीआड, शिशाच्या काचेतून पाहत, यांत्रिक हातांनी नळीला भोक पाडायचे. सुटलेला वायू भांड्यात धरून आधी दाब मोजायचा, मग घटक वेगळे करायचे.

उपाय म्हणून हेलियम जास्त दाबाने भरतात. दाबाने त्याची संवाहकता जवळजवळ वाढत नाही. फक्त तेवढ्याच झेनॉनचे मिश्रणातले प्रमाण कमी राहते.